लॉगमधली ओळ : काही टिपणे

नासाच्या फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरच्या वेब सर्व्हरचा जुलै-ऑगस्ट १९९५ चा ॲक्सेस लॉग अभ्यासकांसाठी खुला आहे. चौतीस लाख एकसष्ट हजारांहून जास्त ओळी. पहिली ओळ १ जुलैच्या मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या सेकंदाची. कुणीतरी अपोलो मोहिमांच्या इतिहासाचे पान मागितले, सर्व्हरने २०० हा 'ठीक' सांगणारा आकडा नोंदवून ६२४५ बाइट पाठवले. मागणारा कोण, त्या वेळी का जागा होता, हे ओळीत नाही. पण काय मागितले, काय दिले, किती दिले आणि केव्हा, हे तीस वर्षांनीही जसेच्या तसे वाचता येते.

ऑगस्टच्या फाइलमध्ये मात्र एक खिंडार आहे. १ तारखेला दुपारी २ वाजून ५२ मिनिटे १ सेकंदाला ओळी थांबतात आणि ३ तारखेला पहाटे ४ वाजून ३६ मिनिटे १३ सेकंदांनी पुन्हा सुरू होतात. एरिन चक्रीवादळ आले म्हणून सर्व्हर बंद ठेवला होता. हे लॉगमधून कळत नाही. ज्यांनी फाइल जपली त्यांनी सोबतच्या माहितीत लिहून ठेवले, म्हणून कळते. नुसती फाइल हाती आली असती तर डिस्क भरली, वीज गेली, कुणी मधल्या ओळी कापल्या, यातले काहीही खरे वाटले असते.

म्हणून प्रत्येक स्क्रिप्टने 'सुरू झाले' आणि 'थांबत आहे, कारण अमुक' या दोन ओळी लिहाव्यात, असा माझा आग्रह आहे. रात्री क्रॉनवर चालणाऱ्या स्क्रिप्टने तर 'आज काही काम नव्हते' हेही लिहावे. नाहीतर काम नव्हते की स्क्रिप्टच चालली नाही, हे सकाळी कुणालाही सांगता येत नाही.

*

ओळीचा हा साचा एनसीएसए एचटीटीपीडी या सर्व्हरचा. तो रॉब मॅककूलने इलिनॉय विद्यापीठात लिहिला. त्यातल्या दुरुस्त्या गोळा करता करता १९९५ मध्ये अपाची सर्व्हर उभा राहिला, पण साचा तोच राहिला : पत्ता, दोन आडव्या रेघा, चौकटी कंसात वेळ, अवतरणात मागणी, उत्तराचा आकडा, बाइट. पहिल्या रेघेच्या जागी मागणाऱ्याच्या संगणकाने सांगितलेले वापरकर्त्याचे नाव यायचे असते. ते विचारण्याची पद्धत आता जवळजवळ कुणी वापरत नाही, तरी रेघ छापली जाते. ती काढली तर लॉग वाचणाऱ्या जगभरच्या स्क्रिप्टांचे रकाने चुकतील. वाचणाऱ्याची एवढी काळजी घेतलेली मला फार आवडते.

*

पीएचपी जन्माला आली तीच नोंदी ठेवण्यासाठी. रास्मुस लेरडॉर्फने १९९४ मध्ये सी भाषेत काही छोटे सीजीआय प्रोग्रॅम लिहिले. आपला ऑनलाइन बायोडेटा कोण बघून जाते, हे त्याला नोंदवायचे होते. पुढे त्यातून एक अख्खी भाषा झाली.

*

सर्व्हर स्वतःहून दोन फाइली लिहितो, ॲक्सेस लॉग आणि एरर लॉग. नव्याने काम करणाऱ्यांना वाटते की एवढे पुरे. ते पुरत नाही, कारण सर्व्हरला फक्त दार दिसते. आत काय घडले ते स्क्रिप्टलाच माहीत असते.

समजा, एका दुकानाच्या साइटवर ग्राहकाने पैसे भरले. बँकेकडून उत्तर आले नाही. स्क्रिप्टने 'थोड्या वेळाने पुन्हा पाहा' असे नीटनेटके पान दाखवले. ॲक्सेस लॉगमध्ये २०० पडले. एरर लॉग कोरा, कारण प्रोग्रॅम कुठे कोसळलाच नाही. सर्व्हरच्या हिशेबी सगळे सुरळीत आहे आणि ग्राहकाचे पैसे मात्र अधांतरी आहेत. ही हकिगत फक्त स्क्रिप्टच सांगू शकते, आणि तिला ती सांगायला आपणच शिकवायचे असते.

कशी सांगायची? 'पेमेंट अयशस्वी' ही ओळ मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. वाचणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. कुणाचे पेमेंट, कशामुळे, पुढे काय केले, यातले काहीच तिच्यात नाही. त्याऐवजी 'ऑर्डर ४८२१३ : बँकेचे उत्तर ३० सेकंदांत आले नाही, तीनदा विचारले, ऑर्डर प्रलंबित ठेवली' असे लिहिले की रात्री फोन उचलणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न कुठे विचारायचा ते कळते. ऑर्डरचा क्रमांक हवा, काय घडायला हवे होते ते हवे, काय घडले ते हवे आणि स्क्रिप्टने त्यावर काय ठरवले तेही हवे. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. प्रलंबित ठेवली की रद्द केली, यावर ग्राहकाचे पैसे परत जायचे की नाही ते ठरणार असते.

ओळ लिहिणाऱ्यासमोर त्या क्षणी सगळा कोड उघडा असतो. वाचणाऱ्यासमोर फक्त ओळ असते. बहुतेक वेळा तो दुसराच कुणी असतो, कदाचित लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर आलेला.

*

ओळ जाते कुठे, याचा शोध हा प्रत्येक नव्या सर्व्हरवरचा पहिला धडा.

साध्या सीजीआयमध्ये हिशेब सोपा होता. स्टँडर्ड आउटपुटवर लिहिले ते ब्राउझरकडे, स्टँडर्ड एररवर लिहिले ते अपाचीच्या एरर लॉगमध्ये. पीएचपी अपाचीच्या आत मॉड्यूल म्हणून चालत असेल आणि वेगळी फाइल नेमलेली नसेल, तर एरर_लॉग या फंक्शनला दिलेला मजकूरही तिथेच जातो. पीएचपी-एफपीएमपाशी मात्र लोक गोंधळतात. तिथे कामकरी प्रोसेसने थेट स्टँडर्ड आउटपुटवर किंवा स्टँडर्ड एररवर लिहिलेले मुळात डेव्ह-नलमध्ये टाकले जाते. ते जपायचे तर 'कॅच_वर्कर्स_आउटपुट' हा पर्याय चालू करावा लागतो. स्क्रिप्ट इमानाने लिहीत असते आणि शब्द हवेत विरत असतात.

दुसरी चकवणारी जागा म्हणजे टेम्प फोल्डर. स्क्रिप्ट सांगते की फाइल लिहिली. टेम्पमध्ये पाहावे तर फाइल नाही. डेबियन किंवा रेडहॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर सिस्टमडी अपाचीला स्वतःचे खासगी टेम्प देते. फाइल असते, पण 'सिस्टमडी-प्रायव्हेट'ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावाच्या फोल्डरच्या पोटात. हे माहीत नसलेला माणूस सगळा दिवस पर्मिशन बदलत बसतो.

*

पर्मिशनचा विषय निघालाच आहे तर. स्क्रिप्ट आपल्या नावाने चालत नाही, सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. डेबियन-उबुंटूवर तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, रेडहॅटवर अपाची. आपण हाताने चालवून पाहिली तेव्हा फाइल लिहिली गेली आणि वेबवरून मात्र नाही, याचे कारण बहुतेकदा एवढेच. उपाय म्हणून सगळ्या फोल्डरला ७७७ देऊन टाकणारे सल्ले फार मिळतात. ते ऐकू नयेत. स्क्रिप्टच्या लॉगसाठी वेगळे फोल्डर करावे आणि त्याची मालकी सर्व्हरच्या वापरकर्त्याला द्यावी. अपाचीच्या स्वतःच्या लॉगचे फोल्डर मात्र त्याला लिहायला खुले करू नये. अपाची सुरू होताना ते लॉग रूट म्हणून उघडतो. त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा ज्याला आहे तो जवळपास रूटच होऊ शकतो, असे अपाचीच्या दस्तऐवजात स्पष्ट बजावलेले आहे.

आणि लॉग वेबच्या मुळाखाली ठेवू नये. वर्डप्रेसचा डीबग लॉग चालू केला की तो मूळ नेमणुकीनुसार डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरात पडतो, म्हणजे पत्ता माहीत असलेला कुणीही तो उतरवून घेऊ शकतो. पत्ता सगळ्यांना माहीत आहे. कुठल्याही साइटचा ॲक्सेस लॉग उघडा, अशा फाइलींची नावे घेऊन दारे ठोठावणारे बॉट दिसतीलच.

*

एकाच फाइलमध्ये अनेक प्रोसेस एकाच वेळी लिहितात. ओळी एकमेकींत का मिसळत नाहीत?

फाइल 'अपेंड' पद्धतीने उघडली असेल तर प्रत्येक वेळी लिहिण्याआधी ऑपरेटिंग सिस्टम स्वतः शेवटाला जाते. शेवट गाठणे आणि लिहिणे यांच्यामध्ये दुसऱ्या कुणाला शिरता येत नाही. पण हे संरक्षण एका लेखनापुरते आहे. स्क्रिप्टने ओळीचे तीन तुकडे तीन वेळा लिहिले, किंवा ओळ एवढी लांब झाली की मधल्या बफरने तिचे दोन भाग केले, तर फटीत दुसऱ्याची ओळ येऊन बसते. म्हणून आधी पूर्ण ओळ मेमरीत जुळवावी, शेवटच्या न्यूलाइनसकट, आणि मग एकदाच लिहावी. पीएचपीत फाइल_पुट_कंटेंट्सला अपेंड आणि लॉक हे दोन्ही पर्याय द्यावेत. कुलूप मात्र सामोपचाराचे असते. ज्यांनी ते मागितले त्यांनाच ते अडवते, बाकीचे बेलाशक लिहितात.

एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक डिस्कवर, अपेंडची ही हमी नाही. दोन सर्व्हर एकाच फाइलमध्ये लिहू लागले की ओळी खराब होऊ शकतात, असे लिनक्सचे मॅन्युअलच सांगते. पायथनचे लॉगिंग मॉड्यूल थ्रेड सांभाळते, पण अनेक प्रोसेसनी एकाच फाइलमध्ये लिहिण्याला त्याचा पाठिंबा नाही. अशा वेळी सगळ्यांनी एकाच लिहिणाऱ्याकडे ओळी पाठवाव्यात आणि फाइलला त्यानेच हात लावावा. सिसलॉग हे काम फार पूर्वीपासून करत आला आहे.

जुन्या पेढ्यांच्या रोजकीर्दीत खाडाखोड चालत नसे. चुकलेली रक्कम उलट नोंद करून दुरुस्त करत, आधीची ओळ तशीच राही. लॉगचाही हाच धर्म. पुढे लिहायचे, मागचे बदलायचे नाही.

*

लॉग फिरवणे, म्हणजे रोटेशन. फाइलचे नाव बदलले तरी सर्व्हर जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो, कारण त्याने नाव धरलेले नसते, उघडलेली फाइल धरलेली असते. म्हणून नाव बदलल्यावर अपाचीला ग्रेसफुल रीस्टार्ट द्यायचा, एनजिनएक्सला यूएसआर१ हा सिग्नल द्यायचा. तेव्हा ते नवी फाइल उघडतात. प्रोग्रॅमला असे काही सांगता येत नसेल तर लॉगरोटेटमधला 'कॉपीट्रंकेट' हाताशी आहे. कॉपी करणे आणि मूळ फाइल रिकामी करणे यांच्या मधल्या क्षणात लिहिलेल्या ओळी त्यात हरवू शकतात.

याच कारणाने, डिस्क भरली म्हणून घाईघाईने मोठा लॉग पुसला तरी जागा मोकळी होत नाही. डीएफ म्हणते डिस्क भरलेली आहे, डीयू म्हणते एवढ्या फाइलीच नाहीत, आणि दोघेही खरे बोलत असतात. पुसलेली पण अजून उघडी असलेली फाइल एलएसओएफ दाखवते. पुसण्याऐवजी फाइल शून्यावर कापावी. अपेंडने उघडलेली असेल तर लेखन सुरुवातीपासून नीट चालू होते. नसेल तर प्रोग्रॅम जुन्याच जागी लिहितो आणि त्याआधीचा सगळा भाग शून्यांनी भरलेला दिसतो.

*

सिसलॉग एरिक ऑलमनने १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल प्रोग्रॅमसाठी लिहिला. त्यातल्या आठ पातळ्या, ० म्हणजे आणीबाणी ते ७ म्हणजे डीबग, अजूनही जगभर चालतात. पीएचपीच्या पीएसआर-३ या प्रमाणातही त्याच आठ आहेत. पातळी ठरवताना मी एकच विचारतो : ही ओळ वाचून कुणाला उठवायचे आहे का? उठवायचे असेल तर एरर किंवा त्याच्या वर. सकाळी पाहिले तरी चालेल ते वॉर्निंग. सगळेच एरर म्हणून लिहिणाऱ्या प्रणालीत खरा एरर कुणी वाचत नाही, आणि त्याची किंमत वापरणारे मोजतात.

*

वेळ लिहिताना टाइम झोनही लिहावा. अपाची '+०५३०' छापतो, हे चांगले करतो. पीएचपीत झोन नेमला नाही तर ती यूटीसी धरते. मग ॲक्सेस लॉगमध्ये दुपारचे ३ आणि स्क्रिप्टच्या लॉगमध्ये सकाळचे ९.३० असे एकाच घटनेचे दोन चेहरे होतात. झोन लिहिलेला असेल तर गणित जुळते. नसेल तर माणसे साडेपाच तास चुकीच्या ओळीत कारण शोधतात. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, पण मुंबई शहर त्यानंतरही काही दशके तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेल्या आपल्या वेळेवर चालले. त्या काळातल्या मुंबईच्या कागदावर नुसते 'दहा वाजता' वाचले की आजही प्रश्न पडतो, कुठले दहा?

देशाची सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात घड्याळांचा मुद्दा आहेच. एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या एनटीपी सर्व्हरशी वेळ जुळवायची, लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे, सायबर घटना ६ तासांत कळवायची. सहा तासांत कळवायचे असेल तर पाच तास फाइली जुळवण्यात घालवून चालत नाही.

*

प्रत्येक मागणीला एक ओळखक्रमांक द्यावा आणि तो सगळ्या ओळींवर छापावा. एनजिनएक्समध्ये रिक्वेस्ट-आयडी तयार मिळतो, अपाचीत युनिक-आयडीचे मॉड्यूल आहे. एवढी एकच सवय लावता आली तरी बाकीचे निम्मे त्रास कमी होतात.

सर्व्हर लोड बॅलन्सरच्या मागे असेल तर सगळ्या ओळींत बॅलन्सरचाच पत्ता दिसतो. रिमोट-आयपी मॉड्यूल लावावे आणि त्यात फक्त आपल्या बॅलन्सरवर विश्वास ठेवावा, कारण 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हे हेडर कुणीही खोटे लिहू शकतो.

*

काय लिहू नये, हे मला काय लिहावे याहून महत्त्वाचे वाटते. लॉगमधल्या ओळींत माणसे असतात.

मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची विनंती केली. पासवर्ड हॅश होण्याच्या आधीच एका अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. डेटाबेसमध्ये सगळी काळजी घेतलेली होती, गळती लॉगमधून झाली. हे सहज घडते. अडचण शोधताना कुणीतरी 'आलेला सगळा फॉर्म लिहून ठेव' अशी एक ओळ घालते, अडचण सुटते आणि ती ओळ तिथेच राहते. फॉर्ममध्ये पासवर्ड असतो, आधार क्रमांक असतो, ओटीपी असतो, कुणाच्या आजाराचे नाव असते. यूआरएलमध्ये टाकलेले टोकन तर कुणी काही न करताही ॲक्सेस लॉगमध्ये येऊन पडते. लॉगच्या प्रती बॅकअपमध्ये जातात, बाहेरच्या सेवांकडे जातात, कुणाच्या लॅपटॉपवर उतरतात. मूळ माहितीला जेवढी कुलपे असतात तेवढी या प्रतींना नसतात.

म्हणून आलेल्यातले काय वगळायचे याची यादी करण्याऐवजी काय लिहायचे याची यादी करावी. वगळण्याच्या यादीत नव्याने आलेला रकाना कधीच नसतो.

*

बाहेरून आलेला मजकूर जसाच्या तसा ओळीत घालू नये. नावाच्या रकान्यात कुणी न्यूलाइन टाकली तर एका ओळीच्या दोन होतात, आणि दुसरी हल्लेखोराच्या मनासारखी, कदाचित 'ॲडमिनचा लॉगिन यशस्वी' अशी. न्यूलाइन आणि नियंत्रण-चिन्हे बदलूनच लिहावे. जेसनमध्ये लिहिले तर हे काम आपोआप होते.

डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉग४जे या लायब्ररीतली खोट जाहीर झाली. लॉगमध्ये लिहायला दिलेल्या मजकुरात विशिष्ट खूण असली तर लायब्ररी ती उलगडायला जाई, बाहेरच्या सर्व्हरकडून कोड आणून चालवी. माइनक्राफ्ट खेळाच्या गप्पांत एक वाक्य टाइप केले तरी पुरत असे. गांभीर्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० मिळाले. लॉग लिहिणाऱ्याने मजकुराला फक्त मजकूर मानावे, त्यातल्या सूचना पाळायला जाऊ नये. एवढ्या साध्या मर्यादेचे उल्लंघन जगभरच्या सर्व्हरांना भोवले.

*

आता देवनागरी. मराठी साइटी चालवणाऱ्यांनी हे जरूर तपासावे.

कुणी शोधचौकटीत 'पुणे' लिहिले तर ॲक्सेस लॉगमध्ये 'पुणे' सापडत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, आणि यूआरएलमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंक-अक्षरे असा लिहिला जातो. प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हे, बारा बाइट, छापताना छत्तीस अक्षरे. ग्रेपने 'पुणे' शोधणाऱ्याला शून्य उत्तर मिळते आणि पुण्याबद्दल कुणी विचारतच नाही असा निष्कर्ष निघतो. आधी यूआरएल उलगडावी, मग मोजावे.

स्क्रिप्टच्या जेसन लॉगमध्ये वेगळा प्रकार. पीएचपी आणि पायथन दोन्ही मुळात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या सहा अक्षरी संकेतात लिहितात. पीएचपीत 'जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड' हा पर्याय द्यावा, पायथनमध्ये 'एन्शुअर_आस्की' बंद करावे. ओळ माणसाला वाचता येते आणि लहानही होते. लहान होण्याला महत्त्व आहे, कारण एनजिनएक्सच्या एरर लॉगची एक ओळ २०४८ बाइटांवर कापली जाते. देवनागरीत ती मर्यादा सातशे चिन्हांच्याही आत येते. मजकूर स्वतः कापायचा असेल तर बाइट मोजून कापू नये, शेवटचे चिन्ह अर्धे तुटते आणि पुढचा वाचणारा प्रोग्रॅम अख्खी ओळ नाकारू शकतो. पीएचपीतली एमबी-वाली फंक्शने याचसाठी आहेत.

सगळ्यात चिवट गाठ 'ऱ्य'ची. 'दुसऱ्या', 'कोऱ्या', 'शेतकऱ्यांचा' हे शब्द पडद्यावर एकसारखे दिसतात, पण टंकणारे ते निरनिराळ्या रीतींनी लिहितात. कुणाचा कळफलक 'ऱ' हे एकसंध चिन्ह देतो. कुणाचा 'र'खाली नुक्ता देतो. कुणी र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतो. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने एक होतात, तिसरी होत नाही. शेतकऱ्यांसाठीच्या एखाद्या योजनेच्या साइटवर शोध का रिकामे येतात हे लॉगमध्ये पाहायचे असेल, तर लिहिताना मूळ मजकूर ठेवावा आणि शेजारच्या रकान्यात त्याचे सामान्य केलेले रूप लिहावे. तिसऱ्या रीतीसाठी एक छोटा नियम आपला आपणच घालावा लागतो : र, हलंत आणि जोडचिन्ह दिसले की त्याजागी ऱ आणि हलंत.